मोठ्या अक्षरांचे मराठी बायबल : चार वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

मी ज्या प्रतीविषयी लिहिणार आहे ती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर शहरातील ख्रिस्ती पुस्तकांच्या एका दुकानातून मी साडेसहाशे रुपयांना विकत घेतली. जुना आणि नवा करार मिळून सहासष्ट पुस्तकांचे हे संपूर्ण मराठी बायबल आहे. काळ्या रेक्झिनचे वेष्टन, दोन रकान्यांची छपाई, एक लाल खूणफीत आणि मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत ‘पवित्र शास्त्र’ एवढेच दोन शब्द, असे तिचे रूप आहे. अक्षर साध्या प्रतीच्या जवळजवळ दीडपट आहे. प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे बांधणीविषयी ज्या तक्रारी करणार आहे त्या माझ्या एकाच प्रतीच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. अशा मोठ्या अक्षरांच्या प्रती घेताना काय पाहावे, आणि ज्याच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे अशा माणसाला तिचा उपयोग कितपत होतो, हे सांगावे एवढाच माझा हेतू आहे.

ती मला का घ्यावी लागली हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे यजमान अकरा दिवसांच्या आजारपणानंतर गेले. आमचा छत्तीस वर्षांचा संसार होता. आमच्याकडे माणूस गेले की देह घरी आणतात, मंडळी जमते, नारायण वामन टिळकांची गीते म्हटली जातात आणि सारे जण कबरस्तानापर्यंत सोबत येतात. त्या दिवशी यातले काहीच झाले नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, अंगभर पांढरे पोशाख घातलेले चार अनोळखी तरुण, दूर फाटकाशी उभे राहून प्रार्थना करणारे आमच्या चर्चचे पाळकसाहेब, आणि गाडीतून खाली उतरण्याचीही परवानगी नसलेली मी, एवढ्यावर सारे आटोपले. टिळक याच शहरात अनेक वर्षे राहिले आणि त्यांची गीते मला लहानपणापासून पाठ आहेत, परंतु त्या दिवशी ओठांवर एकही ओळ आली नाही. पुढचे पाच महिने मी उपासनेला गेले नाही आणि घरातले बायबल उघडले नाही. मोतीबिंदूमुळे मला वाचता येत नाही असे लोक समजत होते, आणि ते अर्धे खरेही होते. उरलेले अर्धे असे की सकाळी कशासाठी उठायचे हेच मला कळेनासे झाले होते, आणि ज्या पुस्तकाने आयुष्यभर आधार दिला त्यात आता आपल्यासाठी काहीच सापडले नाही तर काय करायचे, ही भीती मनात घर करून बसली होती.

शेवटी माझी मुलगी पुण्याहून आली आणि मला दुकानात घेऊन गेली. “आई, वाचायचे की नाही ते तू नंतर ठरव. अक्षर दिसेल असे पुस्तक तर घरात असू दे,” एवढेच ती म्हणाली.

अक्षराच्या बाबतीत या प्रतीने पूर्ण समाधान दिले. शस्त्रक्रियेपूर्वीही दुपारच्या उजेडात, खिडकीपाशी बसून, मला भिंगाशिवाय वाचता येत होते. जोडाक्षरे ठसठशीत आहेत. ‘द्ध’, ‘द्य’ आणि ‘ह्म’ एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मराठीच्या शिक्षिकेच्या नजरेला हे लगेच जाणवते. अध्यायाचा आकडा मोठा आणि वचनाचा आकडा लहान परंतु स्पष्ट आहे. (आमच्याकडची जुनी माणसे वचनाला अजूनही ‘ओवी’ म्हणतात, आणि मला तो शब्द फार गोड वाटतो.) स्तोत्रसंहिता या पुस्तकातील स्तोत्रांची छपाई मात्र गद्यासारखी सलग न करता ओळी तोडून, काव्यासारखी केली आहे, याबद्दल या प्रतीचे विशेष आभार मानले पाहिजेत. शोकात असलेल्या माणसाचे लक्ष चार ओळींपेक्षा अधिक टिकत नाही. ओळ संपते तेथे श्वास घेता येतो, आणि पुढची ओळ नाही वाचली तरी चालते.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे तिच्याकडे वळते. पुस्तकाच्या आरंभी दोन पानांचा एक तक्ता आहे. ‘भीती वाटते तेव्हा’, ‘आजारी असताना’, ‘प्रियजनांच्या वियोगात’ अशा शीर्षकांखाली कोणते उतारे वाचावेत याची ती यादी आहे. असे तक्ते पुष्कळ प्रतींत असतात आणि ते चांगल्या हेतूने केलेले असतात. वियोगाच्या शीर्षकाखाली मला मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र सापडले, योहानाच्या चौदाव्या अध्यायातील पुष्कळ खोल्यांच्या घराचा उतारा सापडला, आणि प्रकटीकरणाच्या शेवटाकडचा अश्रू पुसले जाण्याचा उतारा सापडला. हे तिन्ही उतारे मला तोंडपाठ होते. तिन्ही वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. ज्याचे घर जळते आहे त्याला नव्या घराचा नकाशा दाखवावा, तसे मला वाटले.

स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र या यादीत नाही. ते मला योगायोगाने, खूणफीत चुकीच्या पानात सरकल्यामुळे सापडले. एवढी वर्षे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, राहूनही ते कधी मन लावून वाचल्याचे मला आठवत नव्हते. एक मनुष्य रात्रंदिवस देवापुढे आक्रोश करतो, आपण कबरेच्या तोंडाशी आलो आहोत असे म्हणतो, तू माझ्या ओळखीच्यांना माझ्यापासून दूर केलेस असा थेट आरोप देवावर करतो, आणि मग स्तोत्र काळोखापाशी येऊन थांबते. शेवटी सांत्वनाची ओळ नाही, ‘तरीही’ नाही, स्तुती नाही. मी ते उभ्यानेच वाचले आणि नंतर खाली बसले. फाटकाबाहेरच्या गाडीत बसून मला जे म्हणायचे होते आणि म्हणायची लाज वाटली होती, ते येथे हजारो वर्षांपासून छापील प्रार्थना म्हणून उपलब्ध होते. त्या संध्याकाळी, पाच महिन्यांनंतर, मी पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि ती सगळी त्या स्तोत्राच्या शब्दांत केली.

त्यानंतर मी तक्ता बाजूला ठेवला आणि विलापाची स्तोत्रे शोधून काढली. एकशे पन्नास स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारलेला आहे. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ तर प्रत्यक्ष येशूने वधस्तंभावर, मरण समोर असताना, उच्चारला, असे नव्या करारातील मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. माझ्या प्रतीत मार्काच्या पंधराव्या अध्यायातील त्या वचनाच्या खाली बाविसाव्या स्तोत्राचा संदर्भ दिला आहे, आणि मी बोट ठेवून एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले. देवाने आपल्याला टाकले, असे वाटणाऱ्या माणसाच्या जागी देवाचा पुत्र स्वतः उभा राहिला आहे, ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. त्या दुपारी ती माझ्या कामाची झाली. ज्याने तो प्रश्न विचारला तोच तिसऱ्या दिवशी उठला, आणि म्हणून माझा प्रश्नही रिकाम्या आभाळाला विचारलेला नाही, एवढे मला धरून ठेवता आले. माझ्या आशेचा आरंभ तेथून झाला.

विलापगीत या लहानशा पुस्तकाविषयी या आवृत्तीने अधिक सांगायला हवे होते. त्याचे पाच अध्याय आहेत. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अध्यायात बावीस बावीस वचने आणि मधल्या तिसऱ्यात सहासष्ट, म्हणजे बरोबर तिप्पट. हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे आहेत, आणि पहिल्या चार अध्यायांची रचना त्या अक्षरांच्या क्रमाने केलेली आहे. पाचव्यात वचने बावीसच राहतात, परंतु अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमसाठी रडणारा कवी आपले रडणे अ-पासून ज्ञ-पर्यंत रडतो, एकही अक्षर गाळत नाही, आणि देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन त्या रडण्याच्या मधोमध, तिसऱ्या अध्यायात, येते. त्याच्यानंतरही दोन अध्याय दुःखाचेच आहेत. भाषांतरात अक्षरांचा क्रम दिसत नाही हे समजण्यासारखे आहे, परंतु तळटीप म्हणून दोन ओळी देणे अवघड नव्हते. मला ही माहिती आमच्या पाळकसाहेबांकडून मिळाली, आणि ती मिळाल्यावर ते पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. आशा दुःखाच्या शेवटी येते अशी माझी समजूत होती. येथे ती मध्यावर बसलेली आहे आणि पुढचे रडणे तिच्यासह चालू राहते.

तक्त्यात नसलेला दुसरा उतारा म्हणजे पहिल्या राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. निराश झालेल्या माणसाला मला एकच अध्याय सुचवायचा झाला तर मी हा सुचवीन. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला असतो, आणि ईजबेल राणीच्या एका धमकीने त्याचा धीर खचतो. तो बैर-शेब्यापर्यंत पळतो, चाकराला तेथे ठेवतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत येतो तो उपदेश करायला येत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. मग होरेब डोंगरावर देव त्याला विचारतो की तू येथे काय करतोस, आणि एलीया आपले गाऱ्हाणे मांडतो. वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात, मंद वाणी ऐकू येते, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि एलीया अक्षरशः तेच उत्तर पुन्हा देतो. एवढे सगळे होऊनही त्याची समजूत पटलेली नाही. देव त्याच्यावर रागावत नाही. तो त्याला तीन कामे सांगतो: हजाएलाला अभिषेक कर, येहूला अभिषेक कर, आणि अलीशाला तुझ्या जागी नेम. शिवाय तुला वाटते तसा तू एकटा नाहीस, इस्राएलात सात हजार जण उरले आहेत, असेही सांगतो.

हा अध्याय मी त्या हिवाळ्यात किती वेळा वाचला असेन याची गणती नाही. या प्रतीत त्याच्या पानाचा खालचा कोपरा माझ्या बोटांनी काळपट झाला आहे. त्यात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, कारण एलीयालाही ते मिळत नाही. जेवण, झोप, पुन्हा जेवण, आणि मग काम, असा क्रम मात्र मिळाला. मी तो शब्दशः पाळला. सकाळी उठून एकटीसाठी पोळ्या लाटणे मी सोडून दिले होते, ते पुन्हा सुरू केले.

काम २०२२ च्या फेब्रुवारीत आले. मंडळीतल्या एका घरी तरुण कर्ता पुरुष अपघातात गेला होता. पाळकसाहेब दारात उभे राहून म्हणाले, “बाई, तुम्ही त्यांच्याकडे जाऊन बसाल का? काही बोलू नका, नुसत्या बसा.” मी गेले. त्याची पत्नी भिंतीला टेकून बसली होती, तिच्याशेजारी मी दोन तास बसले, आणि निघताना तिने माझा हात धरला. घरी येऊन ईयोबाचा दुसरा अध्याय उघडला. ईयोबाचे तीन मित्र येतात आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. पुढे बेचाळीस अध्यायांपर्यंत चालणाऱ्या त्या पुस्तकात त्यांच्या हातून जे चुकते ते बोलायला लागल्यानंतर चुकते. तेव्हापासून आमच्या मंडळीत कोणाकडे दुःखद प्रसंग घडला की मी जाते. कोणी वाचून दाखवा म्हटले तरच वाचते, आणि आरंभ विलापाच्या स्तोत्राने करते. तेविसावे स्तोत्र त्यांना हवे असते तेव्हा ते स्वतःच मागतात.

भाषेविषयी लिहिणे आवश्यक आहे. हे भाषांतर जुन्या परंपरेतील आहे. वाक्ये भारदस्त आहेत, क्रियापदे काही ठिकाणी आजच्या बोलण्यात नसलेली आहेत, आणि आठवी-नववीतल्या मुलाला दर पानात दोन-तीन शब्द विचारावे लागतात. मराठीत नवा करार छापून झाला तो १८११ साली, विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली, बंगालमधील सेरामपूर येथे. (त्याचे नाव श्रीरामपूर असेही लिहितात, आणि आमच्या जिल्ह्यातील वाचक दरवेळी फसतात.) तेव्हापासून अनेक हातांनी ही भाषा घडत आली आहे. मला तिचा गंभीरपणा आवडतो, कारण शोकाच्या वेळी रोजच्या बाजारातली भाषा तोकडी पडते. परंतु हे मत प्रत्येकाचे असणार नाही, आणि पंडिता रमाबाईंचे तर निश्चितच नव्हते. खेड्यातील, थोडेसे शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून स्वतंत्र भाषांतर हाती घेतले.

रमाबाईंचे चरित्र या संदर्भात मला नेहमी आठवते. दुष्काळाच्या काळात त्यांनी वडील, आई आणि बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, पती पटकीने गेले आणि मांडीवर लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे केले, आणि तेथेच या भाषांतराचे काम चालवले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या वयात माणूस आपले उरलेले दिवस मोजतो त्या वयात एकुलत्या एका मुलीला पुरून या बाईने हिब्रू शब्दांना सोपे मराठी शब्द शोधावेत, हे मला माझ्या प्रतीच्या प्रत्येक कठीण शब्दापाशी आठवते. ज्यांना आजची सुगम भाषा आणि सविस्तर टिपा हव्या असतील त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ पाहावे. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकालाही तो ग्रंथ सहज हाती धरता येतो.

आता दोष. बांधणी शिवणीची आहे असे दुकानदाराने सांगितले होते, परंतु दुसऱ्या वर्षी पुस्तक स्तोत्रसंहितेपाशी उकलले आणि तेव्हा आत केवळ डिंक असल्याचे दिसले. रोज उघडले जाणारे पुस्तक डिंकावर टिकत नाही. घेताना कण्याच्या टोकाशी दोरा दिसतो की नाही हे प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावे. कागद इतका पातळ आहे की मागच्या पानावरची अक्षरे समोर सावलीसारखी दिसतात, आणि पेन्सिलने केलेली खूणही पलीकडे उमटते. तळाचे संदर्भ इतक्या बारीक अक्षरांत आहेत की मोठ्या अक्षरांच्या आवृत्तीचा हेतूच तेथे हरवतो. वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहिले, ते एक किलो नऊशे ग्रॅम भरले. वृद्ध माणसाला आडवे पडून हे पुस्तक वाचता येणार नाही, आणि पिशवीत घेऊन कोणाच्या घरी जाणे तर मलाही जमत नाही. त्यासाठी मी नवा करार आणि स्तोत्रे असलेली लहान प्रत वेगळी ठेवली आहे. ज्यांना दोन्ही घेणे परवडत नसेल त्यांनी टेबल किंवा पाटाची सोय पाहून मोठी घ्यावी, कारण लहान प्रत कोणाकडूनही मिळते. मोबाइलवर ऐकण्याचीही सोय आहे आणि दृष्टी गेलेल्यांना ती मोठी देणगी आहे, परंतु माझे मन ऐकताना भरकटते.

एक उणीव मात्र मला फार जाणवली. आमच्या सासऱ्यांच्या जुन्या बायबलात, जुन्या करारातील मलाखी हे शेवटचे पुस्तक संपून नव्या करारातील मत्तय हे पहिले पुस्तक सुरू होण्यापूर्वी, कुटुंबाच्या नोंदीसाठी रेघांची चार पाने आहेत: जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. तेथे सासऱ्यांच्या आजोबांपासूनची नावे आहेत. यजमानांच्या नावापुढे जन्माची आणि लग्नाची तारीख आहे, आणि शेवटचा रकाना मी त्या एप्रिलमध्ये रिकामा ठेवला होता. या नव्या आवृत्तीत ती पानेच नाहीत. प्रकाशकांना कळकळीची विनंती आहे की ती परत आणावीत. चार पानांनी छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही, आणि ज्या घरात माणूस गेले आहे त्या घराला नाव लिहायला देवाच्या पुस्तकात एक जागा मिळेल.

उकललेली प्रत मी गेल्या वर्षी एका बाईंडरकडे दिली. त्याने ती दोऱ्याने शिवून, नवा कापडी कणा लावून, आठ दिवसांत परत दिली आणि दोनशे रुपये घेतले. कोरी पाने घालायची असतील तर शेवटी घालू का, असे त्याने विचारले. मी त्याला मलाखी आणि मत्तय यांच्यामधली जागा काढून दाखवली. पाने तेथे घातली गेली. घरी आल्यावर पहिल्या पानावर मी पट्टीने रेघा ओढल्या, यजमानांचे पूर्ण नाव लिहिले, तिन्ही तारखा लिहिल्या, आणि खाली मुलीच्या आणि नातवाच्या नावांसाठी जागा सोडली.